घाटात बंद पडलेलं अंतराळयान

सिनेमातल्या अंतराळवीरांना सहसा भूक लागत नाही. त्यांना शिंक येत नाही, पाठीत उसण भरत नाही, आणि निघताना गॅस बंद केला होता की नव्हता ही शंका त्यांना शनीच्या आसपास छळत नाही. अंगाला घट्ट बसणारे चंदेरी कपडे घालून (या कपड्यांना खिसे का नसतात? त्या शतकातली माणसं किल्ल्या आणि बसचा पास ठेवतात कुठं?) ते एका मोठ्या काचेपाशी उभे राहतात आणि म्हणतात, "कॅप्टन, आपण कक्षेत शिरत आहोत." कॅप्टन गंभीरपणे मान हलवतो. इकडे आपण खुर्चीत बूड सरकवून बसतो. ते कक्षेत शिरोत नाहीतर विहिरीत पडोत, आपल्याला त्याचं सोयरसुतक नसतं.

आणि तरीसुद्धा याच जातीच्या काही सिनेमांत अशी काही मंडळी भेटतात, की त्यांचं यान जरा डगमगलं तर आपण खुर्चीचा हात घट्ट धरतो. पत्र्याचा डबा दिसेनासा झाला म्हणून आपला जीव कासावीस होतो. हे कशानं होतं? पडद्यावरची एक आकृती आपली कशानं होते आणि दुसरी शेवटपर्यंत परकीच का राहते?

हा प्रश्न मी आमच्या भाच्याला विचारला. भाचा कॉम्प्युटरवाला आहे, त्यामुळे त्याला भविष्यकाळाची माहिती माझ्यापेक्षा जास्त.

"मामा, सायन्स फिक्शनमध्ये आयडिया महत्त्वाची," तो म्हणाला. "कॅरेक्टर्सचं काय एवढं? ती आयडिया सांगायला असतात."

आता सांगायला माणसं ठेवायची पद्धत आपल्याकडे सत्यनारायणाच्या पूजेतही आहे. पण तिथं निदान शेवटी प्रसाद मिळतो. विज्ञानपटांतून हिंडणारी कित्येक माणसं खरोखर याच कामावर नेमलेली असतात. एक पांढऱ्या कोटातला शास्त्रज्ञ आणि एक त्याला विचारणारा. "म्हणजे डॉक्टर, तुम्हांला असं म्हणायचंय का की..." एवढं विचारून तो थांबतो आणि मग डॉक्टर पाच मिनिटं तेच म्हणतात. हा विचारणारा गृहस्थ घरी जाऊन जेवतो काय, त्याचं लग्न झालंय का, त्याला डॉक्टरांचा कधी कंटाळा येतो का, हे आपल्याला कळत नाही. दिग्दर्शकालाही कळलेलं नसतं.

मी काही समीक्षक नव्हे. पण पदरचे पैसे घालून सिनेमा पाहणाऱ्यालाही स्वतःपुरती एखादी कसोटी लागतेच. माझी कसोटी एस. टी.ची आहे.

समजा, रात्रीचे दोन वाजलेत आणि कसाऱ्याच्या घाटात एस. टी. बंद पडलीय. बाहेर काळोख. ड्रायव्हर बॉनेट उघडून आत पाहतोय आणि काही बोलत नाही. कंडक्टर "होईल, होईल" म्हणतोय, म्हणजे होणार नाही. जवळपास वस्ती नाही. अशा वेळी पंचेचाळीस प्रवाशांतले दुसऱ्या दिवशी आपल्या लक्षात कोण राहतात? सरळ बसून काचेबाहेर धीरगंभीर पाहणारा देखणा तरुण राहत नाही. लक्षात राहतो तो "आमचे तिकिटाचे पैसे परत मिळणार का?" म्हणून हुज्जत घालणारा. लक्षात राहते डबा उघडून अनोळखी पोराच्या हातावर दशमी ठेवणारी बाई. आणि "बाहेर कोणी उतरायचं नाही" असं ठणकावून सगळ्यांच्या शिव्या खाणारा, पण पहाटे ज्याचंच खरं ठरतं असा एखादा खडूस म्हातारा.

बहुतेक विज्ञानपट म्हणजे शेवटी घाटात बंद पडलेली एस. टी.च असते. बंद डबा, बाहेर अंधार, मदत लांब. फरक एवढाच की घाट प्रकाशवर्षांचा असतो. तेव्हा माझी कसोटी साधी आहे : हा माणूस त्या रात्री माझ्या शेजारच्या सीटवर असता, तर काय बोलला असता हे मला सांगता येतं का? आलं, तर ते पात्र. नाही आलं, तर तो नुसता कपडा.

या कसोटीवर पहिला नंबर मी रिडली स्कॉटच्या 'एलियन'ला देतो. हा सिनेमा १९७९ सालचा. त्यातलं 'नॉस्ट्रोमो' हे यान कसलंही संशोधन करायला निघालेलं नाही. ते दोन कोटी टन खनिज ओढत पृथ्वीकडे परत निघालेलं मालवाहू यान आहे. म्हणजे अंतराळातला ट्रकच. त्यावर सात माणसं. वाटेत एक अनोळखी संदेश ऐकू येतो आणि यान त्यांना झोपेतून आधीच उठवतं. आता विश्वात दुसरीकडे जीवसृष्टी असण्याची शक्यता निर्माण झालीय म्हटल्यावर चंदेरी कपडेवाले काय करतील? काचेपाशी उभे राहतील. इथं पार्कर आणि ब्रेट हे दोघे मेकॅनिक बोनसचा विषय काढतात! आम्हांला इतरांपेक्षा हिस्सा कमी का, आणि हे जादा काम आमच्या करारात बसतं का, हा त्यांचा सवाल. त्यावर त्यांना सांगण्यात येतं की करारातल्या एका कलमाप्रमाणे असा संदेश तपासायला गेलं नाही तर सगळा हिस्सा बुडेल. संपलं. मंडळी निमूटपणे मृत्यूच्या दिशेनं निघतात.

एकही प्रवचन न देता स्कॉटनं सातही जणांशी माझी सोयरीक जुळवली ती या कलमामुळे. राक्षसाशी माझी गाठ पडण्याचा संभव कमी आहे, पण बारीक अक्षरातल्या कलमाशी माझी गाठ दर वर्षी पडते.

आणि मग रिपली. पटकथेच्या मूळ मसुद्यात लेखक डॅन ओबॅनन आणि रोनाल्ड शुसेट यांनी टीप लिहून ठेवली होती की यातली सगळी पात्रं स्त्री किंवा पुरुष कोणीही करावीत. सिगर्नी वीव्हरच्या वाट्याला आलेली रिपली त्यामुळे 'नायिका' म्हणून पडद्यावर येतच नाही. ती कामावर आलेली असते. एका सहकाऱ्याच्या तोंडाला तो विचित्र प्राणी चिकटलाय, कॅप्टन दाराबाहेरून "उघड" म्हणून ओरडतोय, आणि रिपली आतून सांगते की नियमाप्रमाणे चोवीस तास आत घेता येणार नाही. त्या क्षणी थिएटरातला एकूण एक माणूस तिच्यावर चिडलेला असतो. दार दुसराच कोणीतरी उघडतो. पुढं काय अनर्थ होतो तो पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. घाटातला तो खडूस म्हातारा तो हाच!

पण रिपली एवढीच असती तर ती हेडक्लार्क झाली असती. यान स्फोटानं उडवून देऊन पळायचं ठरलेलं, मागं मरण लागलेलं, आणि ही नियमाची बाई मांजर शोधायला जाते. जोन्स नावाचं एक नारिंगी, बेफिकीर मांजर. कुठल्याही नियमात मांजर बसत नाही. माणसाची एकच रेघ काढली की त्याचं बुजगावणं होतं. तिला छेद देणारी दुसरी रेघ काढली की माणूस उभा राहतो. जी बाई दोस्तासाठी दार उघडत नाही, ती मांजरासाठी माघारी फिरते. यात विसंगती आहे म्हणता? आमच्या चाळीतल्या एकूण एक बिऱ्हाडात आहे.

आता याच्या अगदी उलट टोकाला स्टॅन्ली कुब्रिकचा '२००१ : अ स्पेस ओडिसी'. हा १९६८ सालचा, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या आदल्या वर्षीचा. यातले दोन अंतराळवीर माझ्या कसोटीत साफ नापास. पूल नावाच्या अंतराळवीराला आईवडिलांचा वाढदिवसाचा निरोप पडद्यावरून येतो. इतक्या कोटी मैलांवरून आई शुभेच्छा देतेय, आणि हा गृहस्थ दिव्याखाली ऊन खात पडून असतो. चेहऱ्यावरची माशी उठत नाही. (अंतराळात माशी नसते हे भाच्यानं मला इथं लक्षात आणून दिलं.)

हे कुब्रिकनं मुद्दाम केलंय, असं माझं मत आहे. कारण त्या यानावर ज्याला अभिमान आहे, ज्याची चूक होते, ज्याला ती चूक कबूल करवत नाही आणि ज्याला मरणाची भीती वाटते, असा एकच 'माणूस' आहे आणि तो म्हणजे हाल नावाचा संगणक. त्याला ना हात ना पाय; एक लाल डोळा आणि डग्लस रेन या कॅनेडियन नटाचा मऊ, अदबशीर आवाज. आमच्या कंपनीत मी कधीच चुकलेलो नाही, असं सांगणारा साहेब आपण पाहिलेला असतो. हाल तसाच बोलतो. यंत्राचा एक भाग बिघडणार म्हणून सांगतो, भाग ठणठणीत निघतो, आणि हाल म्हणतो की चूक माणसाचीच असणार. पुढं तो खून करतो. तरीही जेव्हा त्याच्या मेंदूचे कप्पे एकेक करून काढले जातात आणि तो भीती वाटत असल्याचं सांगतो, तेव्हा गलबलून येतं. बोलणं हळूहळू जड होतं, तो बालपणात शिरतो आणि लहानपणी शिकवलेलं एक गाणं म्हणू लागतो. १९६१ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीत एका संगणकाकडून हेच गाणं खरोखर गाऊन घेतलं होतं, आणि पटकथेत कुब्रिकबरोबर असलेल्या आर्थर क्लार्कनं ते ऐकलं होतं.

आमची ही या सिनेमात माकडं संपता संपता झोपली होती. ती नेमकी या गाण्याला जागी झाली. "कोण गं बाई जातंय?" तिनं विचारलं.

"कॉम्प्युटर," मी म्हणालो.

"त्याच्यापाशी कोणी नाही का?"

चाळीस-पन्नास पानी प्रबंधात मावणार नाही एवढी समीक्षा त्या एका प्रश्नात आहे.

यंत्राला माणूस करण्याचा याहून गमतीचा धडा जॉर्ज लुकसच्या 'स्टार वॉर्स'मध्ये (१९७७) आहे. त्यातला सोनेरी थ्रीपीओ साठ लाख प्रकारांनी संवाद साधू शकतो आणि साठही लाख प्रकारांत कुरकुरतो. त्याचा जोडीदार आर-टू म्हणजे चाकांवरचा बुटका पिंप. तो फक्त शिट्ट्या मारतो. या शिट्ट्या ध्वनिकार बेन बर्टनं स्वतःचा आवाज आणि सिंथेसायझर यांची मिसळ करून तयार केल्या. शब्द एकही नाही. तरी तो काय म्हणाला ते पोरासोरांनाही कळतं. कसं? कारण थ्रीपीओ त्याला उत्तर देतो. शेजारी फोनवर बोलत असताना पलीकडचा आवाज ऐकू येत नाही, पण "नाही हो वन्सं... असं म्हणाल्या?... शोभलं का त्यांना?" एवढ्यावर आपण वन्संचं सगळं भाषण जुळवतो की नाही? जे बोलणं आपण स्वतः जुळवलेलं असतं, ते बोलणारा आपल्या घरचाच होतो. ही जोडगोळी लुकसला सुचली कुरोसावाच्या १९५८ सालच्या 'द हिडन फोर्ट्रेस'वरून. त्यात राजकन्या आणि सेनापती यांची कथा दोन भांडकुदळ, लोभी शेतकऱ्यांच्या मागून जात आपल्याला दिसते. म्हणजे आकाशगंगेतली लढाईसुद्धा राजवाड्यातून न दाखवता स्वयंपाकघराच्या दारातून दाखवली, की ती आपल्याला दिसते.

आपल्याकडं शेखर कपूरच्या 'मिस्टर इंडिया'नं (१९८७) हे अचूक हेरलं होतं. नायकाच्या हाती माणसाला अदृश्य करणारं यंत्र लागतं. पण त्याआधी आपण काय पाहिलेलं असतं? घरभर सांभाळलेली अनाथ पोरं, वाण्याची उधारी, भाड्याचा तगादा. अदृश्य होण्याची ज्याला महिन्याच्या वीस तारखेपासूनच गरज आहे, अशा माणसाच्या हाती ते यंत्र दिलंय! विज्ञान कळायला मग प्रस्तावना लागत नाही.

याच संदर्भात स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'चा (१९७७) विषय आमच्या घरात निघतो आणि वाद होतो. या सिनेमाशी आपलं थोडं नातंही आहे. त्यातला तो भारतातला प्रसंग, हा नाद कुठून आला असं विचारल्यावर शेकडो माणसं एकदम आकाशाकडे बोट दाखवतात तो, आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झालाय. नाव उत्तर हिंदुस्थानचं, बोटं आपली. त्या प्रसंगात एकही नावाचं पात्र भारतीय नाही, तरी ती वर गेलेली बोटं विसरता येत नाहीत. कारण पत्ता विचारला की अख्ख्या गावानं एकदम सांगायचं, हा आपला स्वभाव त्यात अलगद सापडलाय.

वाद होतो तो नायकावरून. रॉय नीअरी हा विजेच्या कंपनीतला साधा कामगार. त्याला तबकडी दिसते आणि डोक्यात एका डोंगराचा आकार बसतो. जेवताना ताटातल्या कुस्करलेल्या बटाट्याचा तो डोंगर करू लागतो आणि समोर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांत पाणी येतं. एवढा खरा प्रसंग मी कुठल्याच विज्ञानपटात पाहिलेला नाही. चमत्काराची सगळी किंमत त्या पोराच्या चेहऱ्यावर लिहिलेली आहे. पुढं बायको मुलांना घेऊन निघून जाते, आणि शेवटी हा परग्रहवासीयांच्या यानात चढून पृथ्वीच सोडतो. संगीत, प्रकाश, आनंदीआनंद.

"तीन मुलं टाकून गेला मेला!" आमची ही दर वेळी म्हणते. "आणि वाजवतायत काय!"

भाच्याच्या मते हे सिनेमा न कळल्याचं लक्षण. मला मात्र ती बरोबर वाटते. नीअरी आपल्याला आवडला तो बटाट्याच्या ताटामुळे, आणि शेवटी सिनेमा तेच ताट विसरला. स्वतः स्पीलबर्गनंही पुढं सांगितलं, की बाप झाल्यावर मी नीअरीला असं घर सोडून जाऊ दिलं नसतं. म्हणजे आमच्या हिचं म्हणणं हॉलिवूडपर्यंत पोचलं. वेळ लागला, एवढंच.

हसणं बाजूला ठेवून बोलायचं, तर मला वाटतं विज्ञानपटातल्या पात्राची खरी परीक्षा इथंच होते. विज्ञान त्याला अंतर देतं, काळ देतं, कल्पनेबाहेरची ताकद देतं. प्रश्न असा, की त्या अंतरावरून त्याला मागचं काय आठवतं? आंद्रेई तार्कोव्हस्कीच्या 'सोलारिस'मध्ये (१९७२) एका ग्रहावरचा समुद्र माणसांच्या आठवणींतून माणसं घडवतो. केल्विन नावाच्या शास्त्रज्ञासमोर त्याची मेलेली बायको, हारी, उभी राहते. ती कपडे बदलायला जाते, तर झग्याच्या नाड्या नुसत्या दिसायला. तो उघडतच नाही. शेवटी कात्रीनं कापावा लागतो. असं का? कारण ती त्याच्या आठवणीतून बनलेली आहे, आणि तो झगा कसा निघतो हे नवऱ्यानं कधी नीट पाहिलेलंच नव्हतं. राक्षस नाही, स्फोट नाही. एक न उघडणारा झगा, आणि एका संसाराचा सगळा हिशेब. त्याच यानतळावर स्नाउट नावाचा एक थकलेला शास्त्रज्ञ हवा येण्याच्या झरोक्याला कागदाच्या पट्ट्या बांधतो. रात्री त्यांचा आवाज झाडाच्या पानांसारखा येतो म्हणून. या स्नाउटशेजारी मी घाटात खुशाल सकाळपर्यंत बसेन. बोलला नाही तरी चालेल.

परवा भाच्यानं घरीच मोठ्या पडद्यावर ख्रिस्तोफर नोलनचा 'इंटरस्टेलर' (२०१४) लावला. वरच्या मजल्यावरचे आमचे स्नेही पाहायला आले होते. मुलगा परदेशात, त्याचा फोन दर शनिवारी रात्री ठरल्या वेळेला येतो आणि त्या वेळी वरच्या मजल्यावर कोणी खुर्चीसुद्धा सरकवत नाही. सिनेमात एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. नायक कूपर तिथून यानावर परततो तेव्हा तेवीस वर्षं उलटलेली असतात, आणि घरून आलेले तेवीस वर्षांचे निरोप साठलेले असतात. तो ते एका बैठकीत पाहू लागतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, त्याला मूल होतं, आणि उत्तर येत नाही म्हणून शेवटी तो निरोप पाठवणं सोडून देतो. कूपर काही बोलत नाही, नुसता रडतो.

भाचा मला गुरुत्वाकर्षणानं वेळ कसा मंदावतो ते समजावून सांगत होता. गणित त्यानं चांगलं सांगितलं. तेवढ्यात स्नेही उठले. "डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली," म्हणाले आणि वर गेले.

थोड्या वेळानं वरून त्यांचा आवाज ऐकू आला. वार मंगळवार होता. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण जुळवता येत होतं.

"नाही रे, काही झालेलं नाही... तब्येत बरी आहे... अरे हो, मंगळवार आहे ते माहीत आहे मला... सहजच. तू जेवलास का?"